जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणणारा माणूस

नांदेड-लातूरकडची लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्त आणि स्थळ वाचून आपण ती मिटतो. ती खालपर्यंत वाचावी. वर कुलदैवताचं नाव, मध्ये वधू-वर आणि त्याखाली बारीक अक्षरांत रकानेच्या रकाने: निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, आपले विनीत, समस्त भावकी, समस्त गावकरी मंडळी. अगदी तळाला ‘किलबिल’, म्हणजे आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं, असं सांगणारी घरातली लेकरं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ही नावांची गर्दी उगाच वाटते. पण या भागात लग्नाचं यजमानपण एका माणसाच्या खांद्यावर नसतं. ते वाटून घेतलेलं असतं आणि कुणाकुणात वाटलंय ते पत्रिकेतच छापलेलं असतं. ज्याचं नाव स्वागतोत्सुकांत आहे त्यानं पाहुण्यासारखं येऊन पहिल्या पंगतीला बसायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

असं वाटून घ्यावंच लागतं, कारण ज्याच्या घरचं कार्य आहे त्याला त्या दिवशी यजमानपण करायला सवडच नसते. मुलीचा बाप सकाळपासून विधींत अडकलेला, उपाशी, खिशात पैशांची पुडकी आणि कानाशी कुणीतरी सारखं काही विचारतंय. इवायाचं, म्हणजे व्याह्यांचं, काय हवं-नको ते त्यानंच पाहायचं, कन्यादानाला त्यानंच बसायचं. आई पाठवणीच्या विचारानं आधीच हळवी झालेली असते, तरी ईनबाईंची ओटी, करवल्यांचा मान, कुणाला खण कुणाला पातळ, हा सगळा हिशेब तिच्याच डोक्यात असतो. बाकीचं काम चुलते, मामा, आतेभाऊ, शेजारी आणि बापाचे मित्र उचलतात. ते उचलणारं कुणी नसलं तर मांडव कितीही सजवलेला असो, पाहुण्याला कळतं की इथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही.

पहिली जागा दाराची. तिथं उभा असणारा माणूस चेहरे ओळखणारा लागतो. मुखेडहून आलेल्या म्हाताऱ्या बाई नवरीच्या आजीच्या माहेरच्या आहेत, अहमदपूरचे पाव्हणे पहिल्यांदाच येतायत, औशाच्या सोयऱ्यांत मागच्या कार्यात जरा अबोला झाला होता म्हणून त्यांना सामोरं जाऊन आणायचं, एवढं सगळं त्याला तोंडपाठ असावं लागतं. कपाळाला गंध, हातात पाणी, “गाडी कुठं लावली, वाट सापडली ना” एवढे दोन शब्द. नांदेड शहरातल्या मोठ्या फंक्शन हॉलमध्ये आता गुलाबपाणी शिंपडायला आणि चॉकलेट द्यायला भाड्यानं मुलं-मुली उभी करतात. ती हसतमुख असतात, पण म्हाताऱ्या आजींना कुठं बसवायचं ते त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या शेजारी घरातला एक जुना माणूस खुर्ची टाकून बसवला तर सगळा फरक पडतो. हे काम बहुधा अशा वयस्कर चुलत्याला द्यावं, ज्याला धावपळ झेपत नाही पण गोतावळा पाठ आहे.

दुसरी जागा माईकची. गेल्या दोन-तीन पिढ्यांत लग्नातला सगळ्यांत मोठा बदल कुठे झाला असेल तर तो इथे. पूर्वी मांडवातला आवाज भटजींचा, लिंगायत घरात जंगम स्वामींचा आणि बाकी वाजंत्र्यांचा. त्या आवाजाची मक्तेदारी महाराष्ट्रात पहिल्यांदा जोतीराव फुल्यांनी हलवली. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजी नाहीत, आणि मंगलाष्टकं वधू-वरांना समजतील अशा मराठीत. बौद्ध विवाहातही बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर बौद्धाचार्य विधी पार पाडतात आणि त्रिसरण-पंचशील सगळी मंडळी एका सुरात म्हणतात. पण लाऊडस्पीकर स्वस्त झाल्यावर सगळ्याच समाजांच्या मांडवात एक नवा माणूस उभा राहिला. तो ना पुरोहित, ना घरचा. बहुतेकदा गावातले गुरुजी, एखादे कीर्तनकार, बँकेतला बोलका कारकून, आणि आता शहरात मानधन घेणारे निवेदक.

याच्याकडे काय काय येतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मंगलाष्टकांना अर्धा तास असतो आणि याच्या सदऱ्याचा खिसा चिठ्ठ्यांनी भरलेला असतो. एका चिठ्ठीवर माजी सरपंचांचं नाव, दुसरीवर पंचायत समितीच्या सदस्यांचं, तिसरीवर पेनानं खरडलेलं, “एमएच २६, पांढरी गाडी, रस्ता अडलाय”. चौथी मुलाच्या मावसभावाची: आमच्या साहेबांचा सत्कार राहिला. मध्येच कुणीतरी रडणारं पोर आणून टेबलावर बसवतं, याची आई कुठे आहे ते पुकारा म्हणून. त्यातच त्याला सांगायचं असतं की वधू-वरांच्या मामांनी वधू-वरांना मांडवात घेऊन यावं, अक्षता सगळ्यांपर्यंत पोचल्या का, मागच्या मंडळींनी बसून घ्यावं, आणि अक्षता पडल्यावर जेवण केल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही आग्रहाची विनंती. हे शेवटचं वाक्य तो दिवसभरात कितीदा तरी म्हणतो. मला विचाराल तर त्याच्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. ज्याच्या घरचं कार्य आहे तो प्रत्येकाचा हात धरून जेवायला बसवू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं हा माणूस ते म्हणतो.

आणि नेमकं हेच वाक्य हल्ली सत्कारांखाली दबतं. मराठवाड्याच्या लग्नात पुढाऱ्यांची हजेरी ही यजमानाच्या वजनाची खूण मानली जाते. तालुक्याचे, जिल्ह्याचे, पक्षाचे, सोसायटीचे, कारखान्याचे, शिक्षणसंस्थेचे, प्रत्येकाला शाल, फेटा, श्रीफळ आणि नावामागे पदांची लांब शेपूट. त्यातले दोघेतिघे शुभाशीर्वाद म्हणून बोलतातही. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. यजमानाला वाटतं, आलेल्या मोठ्या माणसाचा मान राखला पाहिजे. पण याची किंमत कोण मोजतं ते हिशेब मांडला की दिसतं. समजा माणसं हजार आणि जेवणाच्या जागेत एका वेळी दोनशे बसतात. एक पंगत बसून, वाढून, जेवून, उठून, पत्रावळ्या उचलून दुसरी बसायला अर्धा तास लागतो. म्हणजे पाच पंगती, अडीच तास. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल आणि लग्न वेळेवर लागलं, तर शेवटची पंगत साधारण पावणेतीनला बसते. सत्कारांत एक तास गेला की तीच पंगत पावणेचारला. या शेवटच्या पंगतीत व्यासपीठावरचं कुणी नसतं. तिथं असतात लांबून एसटीनं आलेल्या बायका, त्यांची लेकरं, म्हातारी माणसं आणि मांडवात राबलेली भावकी. गावोगावी आता अक्षतांच्या आधीच एका बाजूला जेवणं सुरू करतात, ते याच अनुभवातून. ही चाल मला फार शहाणपणाची वाटते. अक्षता पडेपर्यंत कुणाच्या तोंडी घास नको, या जुन्या संकोचापेक्षा भुकेल्या लेकराची सोय मोठी.

सत्कार करूच नयेत असं नाही. ज्याच्या हातात माईक आहे त्यानं यजमानाला आदल्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात: सत्कार किती आणि कधी. सगळ्यांची नावं एकत्र वाचून, शाली जागेवर पोचवून पाच मिनिटांत काम होतं. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली की चिठ्ठ्या घेणं बंद. हे सांगायचा अधिकार यजमानानं त्याला सगळ्यांदेखत द्यायला हवा, कारण तो परका असतो आणि एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यापुढे एकटा पडतो.

माईकवरची आणखी एक हाक बदलायला हवी. ‘पाच सुवासिनींनी पुढे यावं.’ नवऱ्यामागे एकटीनं शेती सांभाळून, पोरीला शिकवून तिचं लग्न लावणाऱ्या आईला ही हाक आपल्याच मुलीच्या मांडवात मागे ढकलते. मराठवाड्यातल्या किती गावांत कर्ता माणूस गेलेली घरं आहेत हे इथल्या कुणाला सांगायला नको. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनी त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठराव गावाचा असतो, पण मांडवात तो अमलात येतो निवेदकाच्या तोंडून. ‘नवरीच्या आईनं आणि आत्यांनी यावं’ एवढंच म्हटलं तरी काम होतं.

तिसरी जागा पंगतीची, आणि इथं खरा यजमान कळतो. आचारी आणि वाढपी आपलं काम करतात, पण ओळीच्या टोकाला घरातलं कुणीतरी उभं असावं लागतं. कुणाच्या पानात वरण पोचलं नाही, कुणी संकोचानं बुंदी नको म्हणतंय, कुणाचं तिखट चालत नाही, हे वाढप्याला दिसत नाही. आग्रह करायला नात्याचं माणूसच लागतं. कर्नाटकाच्या सीमेकडे, निलंगा-उदगीर-देगलूरच्या बाजूला पंगतीत गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी येते, वर तूप सोडायला घरचाच माणूस फिरतो. आग्रहाचीही एक हद्द असते. तीही त्यालाच कळते. पान भरून वाढायचं आणि मग ते उष्टं टाकलेलं बघायचं, हा आग्रह नव्हे. थोडं वाढून पुन्हा विचारायला येणं हा आग्रह.

इथल्या यजमानाला आणखी एक काळजी असते ती पाण्याची, आणि ती बाहेरच्याला लवकर कळत नाही. लग्नसराई ऐन एप्रिल-मेची. नांदेड-लातूरचा पारा तेव्हा चाळिशी सहज ओलांडतो. विहिरी तळाला गेलेल्या. पिणं, स्वयंपाक, हात धुणं, भांडी, सगळं मिळून माणशी पाच लिटर धरले तरी हजार माणसांना पाच हजार लिटर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा एक अख्खा टँकर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची अवस्था अशी झाली की मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जलदूत नावाची ती गाडी १२ एप्रिलला पहिल्यांदा पोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं त्याआधीच जमावबंदी लावली होती. त्या वर्षीही लग्नं झालीच. टँकर ठरवणं, तो वेळेवर आणणं, जारचं पाणी सावलीत ठेवणं आणि उन्हातून आलेल्या माणसाला बसायच्या आधी ग्लास देणं, हे काम ज्यानं केलं त्याचं नाव कधी माईकवर पुकारलं गेलं नाही.

उन्हाळ्यातल्या स्वयंपाकाबद्दलही यजमानाला थोडं शास्त्र माहीत असायला हवं. शिजलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की त्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. इतर वेळी दोन तास चालतं, पण चाळीस अंशांच्या हवेत एका तासाच्या वर ते तसं ठेवू नये. भातात सापडणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात पहाटे शिजवून झाकून ठेवला की ते रुजतात, आणि त्यांनी सोडलेलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पाच पंगतींचा भात एकदम न शिजवता दोन-तीन घाण्यांत शिजवायला आचाऱ्याला सांगणं हे यजमानाचं काम. हाताला जखम असलेल्याला वाढायला उभं करू नये, कारण तिथूनही विषबाधेचे जिवाणू अन्नात जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत एका धार्मिक कार्यक्रमातल्या प्रसादानंतर आसपासच्या गावांतले दोन हजारांच्या घरात लोक उलट्या-जुलाबानं आजारी पडले आणि रुग्णालयांत खाटा पुरेनात. ते लग्न नव्हतं, पण मोठ्या पंगतीत एका भांड्यातलं बिघडलं की किती घरांना भोगावं लागतं ते नांदेड जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं.

आहेराच्या टेबलावर बसणारा माणूस हाही यजमानाचाच प्रतिनिधी. वही, पेन, पिशवी, आणि शेजारी टोपी-टॉवेलचा ढीग. कुणी किती दिले, नाव, गाव. ही वही पुढे वीस-वीस वर्षं जपून ठेवतात, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं तरी परत जायला हवं. या वहीला कायद्यातही आधार आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ मध्ये झालेल्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनं आणि वराला मिळालेल्यांची वरानं ठेवायची असते. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, त्याचं नातं काय, हे लेखी, आणि खाली दोघांच्या सह्या. स्त्रीधन कुणाचं हा वाद पुढे उभा राहिला तर अशी यादी मुलीच्या फार कामाला येते. आहेराची वही लिहिणारा एरवीही लिहितोच आहे. त्यानं मुलीच्या वस्तूंचं एक पान वेगळं काढावं.

कायद्याचाच विषय निघालाय तर पत्रिकेतल्या नावांकडे पुन्हा बघायला हवं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. मुलगी १८ च्या आत किंवा मुलगा २१ च्या आत असताना लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला साथ देणारा असा प्रत्येक जण त्यात सापडतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नांदेडला लागून असलेल्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के निघालं. तेव्हा स्वागतोत्सुक म्हणून नाव छापू देण्याआधी आणि निवेदकानं माईक हातात घेण्याआधी मुलीचा जन्मदाखला पाहिलेला असावा. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि १०९८ हा फोन कुणालाही लावता येतो.

आता संध्याकाळच्या रिसेप्शनकडे. दुपारी मुलीकडच्यांनी लग्न लावून दिलं की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मुलाकडचे लॉनवर स्वागत समारंभ ठेवतात. नांदेड-लातूर शहरांत हे आता नेहमीचं झालंय. मुसलमान घरांत ही रीत पहिल्यापासून वेगळी आणि स्पष्ट आहे. निकाहनंतर वलिम्याची दावत द्यायची ती मुलाकडच्यांनी, यजमान तेच. रिसेप्शनमध्ये घरची माणसं मात्र स्टेजवर अडकतात. नवरा-नवरी खुर्चीसमोर उभी, शेजारी दोन्हीकडचे आई-बाप, आणि समोर फोटोसाठी लांब रांग. पाहुणा रांगेत अर्धा तास थांबतो, पाकीट देतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि खाली उतरून एकटाच ताट घेऊन बुफेकडे जातो. त्याला जेवलात का विचारायला कुणी नसतं. बुफेत आग्रहाला जागाच उरत नाही, आणि हातात ताट घेऊन उभं राहता न येणारी म्हातारी माणसं कोपऱ्यात बसून राहतात. म्हणून रिसेप्शनला स्टेजखालचा यजमान लग्नापेक्षाही जास्त लागतो. मुलाच्या काका-मामांपैकी दोघांनी फोटोच्या मोहात न पडता खाली फिरत राहावं, ज्येष्ठांसाठी टेबल मांडून त्यांचं ताट आणून द्यावं. निवेदकानं गाण्यांच्या फर्माइशींइतकीच याचीही आठवण करून द्यावी. रात्री दहाला मात्र त्यानं थांबावं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. लॉनच्या भिंतीपलीकडे दहावी-बारावीची मुलं अभ्यासाला बसलेली असतात, आणि लातूरला तर क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली हजारो मुलं खोल्या करून राहतात.

तांड्यावरच्या लग्नाची गोष्ट थोडी वेगळी. किनवट, माहूर, मुखेड, कंधार भागातल्या बंजारा तांड्यांवर नाईक आणि कारभारी यांचा शब्द घेतल्याशिवाय सोयरीक पुढे जात नाही. कार्य एका घरचं, पण पाहुण्यांपुढे उभा राहतो तो तांडा. गावातल्या भावकीचं आणि तांड्याचं यजमानपण इथं सारखंच आहे, फक्त तांड्यावर ते आजही जास्त शाबूत आहे.

करोनाच्या काळात हे सगळं काही महिने थांबलं. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यानं ती पंचवीसवर आणली, दोन तासांत कार्य उरकायचं आणि मोडलं तर पन्नास हजार दंड. पंचवीस माणसांत सत्कार नव्हते, चिठ्ठ्या नव्हत्या, नवरीचा बाप स्वतः वाढत होता. कर्ज झालं नाही म्हणून पुष्कळ घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरीही निर्बंध उठल्याबरोबर पत्रिकेतले रकाने पुन्हा भरले. याला लोकांची हौस म्हणून नावं ठेवता येतील, पण मला त्यात दुसरंही दिसतं. वर्षभर रानात आणि पोटापाण्याच्या मागे विखुरलेली भावकी एकत्र राबते ती याच दिवशी. खर्च कमी करायचा तर स्टेज, फुलं, ड्रोन, फटाके यांत करावा. माणसं कमी करून नव्हे.

शेवटी एक पंगत राहते, जिची जबाबदारी पत्रिकेतल्या कुठल्याच रकान्यात नसते. वाजंत्री, आचाऱ्याच्या हाताखालची माणसं, वाढपी पोरं, भांडी घासणाऱ्या बाया, मांडववाले, फोटोग्राफर, वऱ्हाडाच्या गाड्यांचे ड्रायव्हर, आणि स्वतः माईकवरचे गुरुजी, ज्यांचा घसा दुपारपासून कोरडा आहे. ही माणसं चारच्या पुढे, उरलंसुरलं आणि गार झालेलं, उभ्याउभ्या खातात. त्यांच्यासाठी भाताचा एक घाणा आणि गोडाचं एक पातेलं आधीच बाजूला काढून ठेवावं, त्यांना बसवून वाढावं, आणि वाढायला घरातली दोन माणसं उभी असावीत. ती दोन माणसं कोण, हे सुपारी फुटते त्याच बैठकीत, बस्त्याच्या आणि मानपानाच्या बोलण्यांबरोबर ठरवून टाकावं.